बिबट्या खातो काय, राहतो कुठं? जंगलात शेळ्या सोडून नदीकाठचा प्रश्न सुटेल का?

कासारवाडी : पुणे-मुंबई रस्त्यावर कासारवाडीला नाशिक फाटा आहे. एका अंगाला पवना नदी, डोक्यावर मेट्रो आणि खाली दिवसरात्र कंपन्यांच्या बसची रांग. नाशिककडं जाणारा रस्ता इथूनच फुटतो. भोसरी मागं पडली की मोशीला इंद्रायणी लागते. चाकणच्या पुढं भामा, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना आणि पिंपळवंडीला कुकडी. शंभर किलोमीटरच्या आत सहा नद्या. या सहाही नद्यांच्या काठानं ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे.

भोसरी, चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेल्या कितीतरी जणांचं गाव याच रस्त्यावर आहे. आठवडाभर शहरात ड्युटी आणि सुट्टीला गावी, असा त्यांचा क्रम. गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक व्हिडिओ येतो : "आपल्या मळ्यात दिसला", "काल रात्री अमक्याचं कुत्रं नेलं", "शाळेच्या मागं पायाचे ठसे". यातले काही व्हिडिओ खरे, काही दुसऱ्याच राज्यातले. पण भीती खरी आहे, आणि तिला कारणही आहे.

तीन आठवडे, तीन बळी

शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्याला लोक 'बेट भाग' म्हणतात. जांबूत, पिंपरखेड, कवठे येमाई ही त्यातली गावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पिंपरखेडला साडेपाच वर्षांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. दहा दिवसांत शेजारच्या जांबूतला ७० वर्षांच्या आजी गेल्या. २ नोव्हेंबरला पुन्हा पिंपरखेडलाच १३ वर्षांचा मुलगा गेला. तीन आठवड्यांत तीन माणसं, तीही एकमेकांना लागून असलेल्या गावांत.

त्यानंतर लोकांचा संयम सुटला. वन विभागाची गाडी जाळली गेली. मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वन विभागानं पिंपरखेड परिसरात एका नरभक्षक बिबट्याला गोळ्या घातल्या. मग एकामागून एक उपाय पुढं आले. जादा पिंजरे, पकडलेले बिबटे दुसरीकडं हलवणं, नसबंदी. जुन्नर वन विभागात पाच माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायला केंद्रानं मान्यताही दिली.

डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी आणखी एक उपाय सांगितला. हल्ल्यात माणूस गेला तर सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. चार माणसं गेली की एक कोटी होतात. माणसं गेल्यावर पैसे वाटण्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबट्या गावाकडं येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

या मुद्द्यावर टिंगल भरपूर झाली. पण टिंगल बाजूला ठेवली तर त्यात एक बरोबर गोष्ट आहे. बिबट्या खाण्यामागं जातो, हे त्यात मान्य केलेलं आहे. चूक पुढच्या पायरीवर आहे. तो काय खातो आणि ते खाणं त्याला कुठं मिळतं, हे पाहिल्याशिवाय उपाय ठरवला तर पैसे जातात आणि बिबट्या आहे तिथंच राहतो.

अकोल्याच्या उसात काय सापडलं

याचं उत्तर शोधण्यासाठी लांब जायची गरज नाही. जुन्नरला लागूनच नगर जिल्ह्यातला अकोले तालुका आहे. तिथंही चित्र तेच. वर भंडारदरा धरण, खाली प्रवरा नदी, दोन्ही काठांना ऊस आणि उसाच्या मधे मधे वस्त्या. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं काही वर्षं काम केलं. शेताच्या बांधावर आणि पाणंदीच्या कडेला कॅमेरे लावले, काही बिबट्यांना जीपीएस पट्टे बांधले आणि बिबट्याची विष्ठा गोळा केली.

विष्ठेतून खाणं कसं कळतं? खाल्लेल्या जनावराचे केस पचत नाहीत, ते तसेच बाहेर पडतात. हे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कुत्र्याचा, शेळीचा, मांजराचा की उंदराचा हे ओळखता येतं. म्हणजे ही पाहणी ऐकीव माहितीवर झालेली नाही. बिबट्याच्या पोटातून जे गेलं, त्यावरून झालेली आहे.

तिचे आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावात राहणाऱ्या जनावरांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. मांजरं, डुकरं, वासरंही होती. रानातलं खाणं थोडंच. उंदीर-घुशी, मुंगूस, माकड असं काही.

यातला एक आकडा प्रत्येक शेळीपालकानं लक्षात ठेवावा असा आहे. त्या भागात कुत्र्यांपेक्षा शेळ्या सातपट होत्या. तरी बिबट्याच्या खाण्यात शेळीचा वाटा फक्त ११ टक्के निघाला. बिबट्याला शेळी आवडत नाही असं थोडंच आहे? पिंजऱ्यात आमिष म्हणून शेळीच बांधतात. फरक एवढाच की शेळी संध्याकाळी गोठ्यात जाते आणि दाराला कडी लागते. दिवसा तिच्यामागं कुणीतरी माणूस असतो. कुत्रं मात्र रात्रभर उघड्यावर असतं. त्याला दार नाही, कडी नाही, आणि ते गेलं तर सकाळी कुणी पंचनामाही मागत नाही.

बिबट्याची शिकारीची पद्धत पाहिली की हे आणखी स्पष्ट होतं. तो लांब पाठलाग करणारा प्राणी नाही. दबत दबत अगदी जवळ यायचं, झडप घालायची, मानेला धरायचं आणि ओढत आडोशाला न्यायचं. त्याला स्वतःपेक्षा लहान, एकटं आणि बेसावध भक्ष्य लागतं. वस्तीच्या कडेला उकिरड्यापाशी झोपलेलं पंधरा-वीस किलोचं कुत्रं या मापात बरोबर बसतं. एका कुत्र्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात.

नदीकाठच का?

जुन्या लोकांना विचारलं तर ते सांगतात, पूर्वी बिबट्या डोंगरालाच असायचा. मग खाली कसा आला? धरणं आणि कालव्यांनी त्याची वाट तयार केली.

कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं. भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड. या पाण्यानं जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर बदलून टाकले. जिथं बाजरी आणि मटकी व्हायची तिथं ऊस आला, द्राक्ष आली, गोठ्यात संकरित गाई आल्या, साखर कारखाने उभे राहिले. पोरं शिकली ती याच पाण्यावर. यात कुणाची चूक नाही.

पण बिबट्याच्या बाजूनं पाहिलं तर ऊस म्हणजे काय? पुरुषभर उंचीचं, दाट, सावलीचं रान. वर्षभर तिथं माणूस क्वचितच आत शिरतो. शेजारी चारीला पाणी. पाचटात उंदीर-घुशी आणि रानडुक्कर. शंभर पावलांवर वस्ती आणि वस्तीवर कुत्री. लपायला, प्यायला आणि खायला एकाच ठिकाणी मिळतं. मादी उसातच पिल्लं घालते. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात, ती याच कारणानं. ही पिल्लं दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात आणि शिकार तिच्याकडूनच शिकतात. आईनं कुत्री धरली तर पिल्लंही कुत्रीच धरणार. त्यांनी डोंगरातलं जंगल पाहिलेलंच नसतं.

नद्या, ओढे आणि कालवे हे बिबट्याचे रस्तेही आहेत. ओढ्याच्या दोन्ही अंगाला बाभळी, वेडी बाभूळ, करंज, निरगुडी यांची पट्टी असते. दिवसा त्यात पडून राहायचं आणि अंधार पडला की त्याच आडोशानं एका गावातून दुसऱ्या गावात जायचं. अकोल्यात पट्टे बांधलेले बिबटे दिवसा पिकात थांबायचे आणि रात्री घरांच्या अगदी जवळून, कधी २५ मीटरच्या आतून फिरायचे. घरातल्यांना पत्ताही नसायचा. तिथं १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे होते आणि जवळपास तितकेच तरस. कोल्हे आणि रानमांजरंही कॅमेऱ्यात आली. राखीव जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या खोऱ्यातली ही संख्या आहे.

तरसाचं खाणं मुख्यतः मेलेलं जनावर. गाय मेली की ओढ्यात टाकायची, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून पुलावरून खाली फेकायच्या, ही सवय अनेक गावांत आहे. त्या वासावर आधी कुत्री जमतात, मग तरस येतो आणि कुत्र्यांमागं बिबट्या. नदीकाठची ही अख्खी साखळी गावाच्याच घाणीवर चालते.

शेळ्या जंगलात सोडल्या तर?

आता एक कोटीच्या शेळ्यांचा हिशोब करून पाहू. एक शेळी १० हजारांना धरली तर एक कोटीत हजार शेळ्या येतात. एका शेळीवर बिबट्याचे चार-पाच दिवस निघतात असं धरलं, तर एका बिबट्याला वर्षाला ७० ते ९० शेळ्या लागतील. म्हणजे हजार शेळ्यांत अकरा ते चौदा बिबट्यांचं एक वर्ष भागेल. पुढच्या वर्षी पुन्हा एक कोटी. हा हिशोब सगळ्या शेळ्या बिबट्याच्याच पोटात गेल्या असं धरून आहे. प्रत्यक्षात गुराख्याशिवाय सोडलेली शेळी रानात थांबणार नाही. ती सरळ जवळच्या गावाची वाट धरेल, किंवा कुणाच्या तरी गोठ्यात दिसेल.

त्याहून मोठी अडचण ही की ज्या बिबट्यासाठी शेळी सोडायची, तो त्या जंगलात नाहीच. तो बेट भागात आहे, घोडेच्या काठच्या उसात. भीमाशंकरच्या रानात शेळी सोडली म्हणून तो पिंपरखेडहून उठून तिकडं जाईल का? त्याच्या उशाला कुत्री आहेत.

बिबट्यालाच उचलून जंगलात नेलं तर? हा प्रयोगही जुन्नरनंच केलेला आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वन विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून जवळपासच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली. २९ बिबटे असे हलवले गेले. त्यानंतरच्या २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे आकडे मांडले. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बिथरतो, आपल्या मूळ जागेकडं निघतो आणि वाटेत माणसांत सापडतो. इकडं त्याची रिकामी झालेली जागा दुसरा तरुण बिबट्या धरतो.

'आजोबा' नावाचा मराठी सिनेमा २०१४ मध्ये आला होता. त्यामागचा बिबट्या खरा होता. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं होतं. तो तिथं थांबला नाही. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत, खाडी पार करून मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलापर्यंत पोचला. रेल्वे रूळ, महामार्ग, कारखाने काहीही त्याला आडवं आलं नाही. ज्याला एवढं चालता येतं, त्याला एका घाटात सोडून तो तिथंच राहील असं धरणं कठीण आहे.

याचा अर्थ पिंजरा लावूच नये असा नाही. ज्या बिबट्यानं माणसावर हल्ला केला आहे, जो त्याच भागात पुन्हा पुन्हा माणसांजवळ येतो आहे, त्याला पकडणं किंवा शेवटी मारणं हे सरकारचं कामच आहे. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला टक्केवारी सांगून समाधान होत नसतं. पण दिसला बिबट्या की लावा पिंजरा, यानं माणिकडोहच्या निवारा केंद्रात गर्दी वाढते. ज्यानं हल्ला केला तोच सापडला का, हे लवकर कळतही नाही.

शहराकडं सरकणारी वाट

हा प्रश्न जुन्नर-शिरूरचा आहे, आपला नाही, असं पिंपरी-चिंचवडकरांना वाटू शकतं. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात बिबट्या शिरला होता. काम थांबवावं लागलं, काही तासांनी त्याला बेशुद्ध करून बाहेर काढलं. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये मुळा-मुठेच्या काठी मुंढवा-केशवनगरला बिबट्यानं काही जणांना जखमी केलं. मे २०२५ मध्ये निगडी प्राधिकरणात, ऐन वस्तीत बिबट्या पकडला गेला.

ही जनावरं काही आकाशातून पडली नाहीत. नदीकाठची झाडी, ओढे, लष्कराच्या मोकळ्या जागा आणि अर्धवट पडीक प्लॉट यांच्या आडोशानं ती आत येतात. कासारवाडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात त्यांच्यासाठी आमिषही तयार आहे. कंपन्यांच्या कॅन्टीनमागं टाकलेलं उरलेलं अन्न, रस्त्याकडेच्या चिकन-मटणाच्या दुकानांची घाण, नदीच्या पुलाखाली फेकलेल्या पिशव्या आणि त्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळकी. भामा आणि इंद्रायणीच्या काठच्या गावांत आता शेत, कंपनी आणि भाड्याच्या खोल्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. तिसऱ्या पाळीतून सुटलेला कामगार रात्री ज्या कच्च्या रस्त्यानं खोलीवर जातो, तो रस्ता उसाच्या कडेनंच जातो.

मुंबईत हे आधी घडून गेलं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांनी थरकाप उडवला होता. तिथंही बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास. २०१८ च्या एका अभ्यासात अंदाज मांडला गेला की तिथले बिबटे वर्षाला दीड हजारावर कुत्री खातात आणि त्यामुळं माणसांना होणारे हजारभर कुत्रेचावे टळतात. म्हणजे बिबट्या आणि कुत्रं या दोघांचं गणित एकमेकांत अडकलेलं आहे. तिथं हल्ले कमी व्हायला कारणीभूत झाल्या त्या साध्याच गोष्टी : कचरा उचलणं, दिवे, शौचालयं, लोकांशी बोलणं आणि बिबटे पकडून आणून सोडण्याला लगाम.

मग माणूस का सापडतो?

जो प्राणी रोज रात्री घरापासून हाकेच्या अंतरावरून जातो आणि बहुतेक रात्री काही न करता जातो, तो माणसावर झडप कधी घालतो? हल्ल्यांच्या वेळा आणि जागा पाहिल्या तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहाट किंवा दिवेलागण. उसाची, मक्याची किंवा गिन्नी गवताची कड. आणि सापडणारं माणूस एक तर लहान मूल, नाही तर वाकून किंवा बसून काम करणारं कुणीतरी. गवत कापणारी बाई, खुरपायला बसलेली आजी, उघड्यावर शौचाला बसलेलं माणूस. वाकलेलं माणूस उंचीला शेळी-कुत्र्याएवढंच दिसतं. अंगणात खेळणारं मूल तर असतंच तेवढं.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक भर पडते. फड मोकळा झाला की बिबट्याचा आडोसा जातो. पिल्लं असलेली मादी शेजारच्या फडात सरकते, आणि तोडणी मजुरांच्या कोप्या नेमक्या फडाच्या कडेलाच असतात. कापडाचं दार, उघड्यावर झोपलेली लेकरं, भोवती कुत्री. सगळ्यात जास्त धोका ज्यांना आहे, त्यांच्याकडं दार लावायला भिंतच नाही.

आणि रात्रीची लाईट. शेतीला थ्री फेज वीज काही दिवस रात्रीच मिळते. मोटर चालू करायला, दारं मोडायला शेतकऱ्याला बिबट्याच्याच वेळेत उसात उतरावं लागतं. २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावं बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली. त्या गावांत तरी दिवसा वीज मिळावी, ही मागणी प्रत्येक आंदोलनात होते. शेळ्यांच्या एक कोटीपेक्षा या मागणीत जीव वाचवण्याची ताकद जास्त आहे.

कुत्री हटवली की झालं?

इथपर्यंत वाचल्यावर कुणालाही वाटेल, मग कुत्रीच उचलून न्या. पण इथं क्रम चुकला तर उलटं होईल. समजा उद्या एका गावातली सगळी कुत्री गेली. उसातला बिबट्या आणि तिची दोन पिल्लं तिथंच आहेत, भूक तीच आहे. मग पुढचं सोपं भक्ष्य कोणतं? ज्यांचे गोठे उघडे आहेत त्यांची वासरं आणि शेळ्या. म्हणून आधी गोठे बंद, मग घाण बंद, मग कुत्री कमी, हा क्रम हवा. खाणं हळूहळू कमी झालं की एका भागात किती बिबटे पोसले जातील आणि किती पिल्लं जगतील, हेही हळूहळू खाली येतं. नसबंदीनं जे साधायचं आहे, त्यातलं बरंचसं काम रिकामा उकिरडा करू शकतो.

कुत्री मारणं कायद्यात बसत नाही. त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांप्रमाणं स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे आणि त्यात ग्रामपंचायतही येते. शहरात महापालिका थोडंफार तरी करते. गावात मात्र हे काम कुणाचं, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

ग्रामसभेत मांडता येतील असे मुद्दे

बंदिस्त गोठा : चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. बिबट्या भिंत चढतो आणि पत्र्याच्या फटीतूनही आत येतो. दार आतल्या जनावराच्या धक्क्यानं उघडणार नाही असं हवं. एकदा गोठ्यात शिरला तर तो एकाच रात्री पाच-सहा शेळ्या मारतो, कारण कोंडलेली जनावरं पळू शकत नाहीत. सरकारला शेळ्यांवर एक कोटी खर्च करायचेच असतील, तर ते जंगलात सोडण्याऐवजी गोठ्यांच्या जाळीवर करावेत, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावानं करता येईल.

मेलेली जनावरं आणि पोल्ट्रीची घाण : ओढ्यात, नदीत किंवा पुलाखाली न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणं. चिकन-मटण दुकानदारांकडून हे करून घेणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

मोकळा पट्टा : घर आणि ऊस यांच्यामधे थोडी तरी जागा साफ ठेवणं, तिथं एक दिवा लावणं. घराच्या भिंतीला लागून ऊस किंवा गिन्नी गवत नको.

लहान मुलं : दिवेलागणीनंतर अंगणात एकटी नकोत. शाळेच्या वाटेवर उसाची कड असेल तर मुलांना गटानं पाठवावं.

शेतात जाताना : काठी, बॅटरी आणि मोबाईलवर गाणी. आवाज करत गेलं की बिबट्या आधीच बाजूला होतो. एकटं वाकून काम करू नये, जवळ एक जण उभा असावा.

तोडणी मजूर : कोप्यांभोवती जाळी आणि प्रकाशाची सोय कारखान्याकडून मागावी. मुलांची झोपायची जागा मधे ठेवावी.

बछडी सापडली तर : हात लावू नये, फोटोसाठी उचलू नयेत. मादी जवळच असते. फडाचं काम थांबवून वन विभागाला कळवलं तर रात्री पिल्लं आईकडं परत जातात. पिल्लं हरवलेली मादी जास्त धोक्याची असते.

जनावर मारलं गेलं तर : ते जागेवरून हलवू नये. लगेच वनरक्षकाला किंवा १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवून पंचनामा करून घ्यावा, नाही तर भरपाई अडते. कुत्रं गेलं तरी कळवावं. भरपाई मिळणार नाही, पण बिबट्या कोणत्या वाटेनं फिरतो हे वन विभागाला त्यातूनच कळतं.

पुढच्या हंगामाआधी

बेट भागातल्या तीन मृत्यूंनंतर जे झालं, ते माणसं गेल्यावर झालं. गोळी, पिंजरे, घोषणा, दौरे. ऊस मात्र तोडला की पुन्हा वाढतो. पावसाळा संपला की फड पुन्हा पुरुषभर उंच होतात आणि त्यात एखादी मादी नवी पिल्लं घेऊन बसलेली असते. ती रात्री कुठं जाणार, हे तिला वस्तीकडून येणाऱ्या वासावरूनच कळतं.

म्हणून पुढची ग्रामसभा भरेल तेव्हा पिंजरा किती मिळाले याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. गावात उघडे गोठे किती उरले? मेलेलं जनावर टाकायची जागा कोणती ठरली? आणि दिवसा वीज कधीपासून? या तिन्हींची उत्तरं वन विभागाच्या एकट्याच्या हातात नाहीत. त्यातली दोन गावाच्या हातात आहेत.